जर्मन सोन्याची नाणी : गरुडाची बाजू आणि राजाची बाजू

मागील अंकात ब्रिटिश गिनीविषयीच्या एका प्रश्नाचे उत्तर देताना ओघात जर्मन साम्राज्याच्या वीस मार्कच्या सुवर्णनाण्याचा उल्लेख आला होता. त्या एका वाक्यावर आलेली पत्रे इतकी आहेत, की या वेळचे सदर संपूर्णपणे जर्मन सोन्याच्या नाण्यांना द्यावे लागत आहे. एकसारखे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : आजीच्या डब्यात पुतळ्यांच्या माळेबरोबर एक परदेशी सोन्याचे नाणे सापडले. एका बाजूला कल्ले राखलेल्या म्हाताऱ्या गृहस्थाचा मुखवटा व त्याखाली ‘बी’ हे अक्षर, दुसऱ्या बाजूला गरुड आणि १८७३ हे साल आहे. वर सोन्याची कडी डाग देऊन बसवली आहे. आमच्या सराफांनी वजन ८.३ ग्रॅम सांगितले आणि ‘हे पूर्ण बावीस कॅरेट नाही, घट धरावी लागेल’ असे म्हटले. नाणे कोणते आणि ते मोडावे का? (एक वाचिका, पुणे)

उत्तर : आपल्या सराफांनी आपली फसवणूक केलेली नाही. हे प्रशियाचा राजा आणि जर्मन सम्राट पहिला विल्हेल्म याच्या नावाचे वीस मार्कचे नाणे आहे. १८७१ ते १८७३ या पहिल्या तीन वर्षांच्या नाण्यांवर गरुडाच्या बाजूला ‘मार्क’ हा शब्द पुरा न लिहिता आकड्यापुढे केवळ ‘एम’ हे अक्षर घातलेले असते. आपल्या नाण्यावर ते पाहून घ्या. ‘बी’ हे हॅनोव्हरच्या टांकसाळीचे चिन्ह असून ती टांकसाळ १८७८ मध्ये बंद झाली.

या नाण्याचे मूळ वजन ७.९६५ ग्रॅम आहे. त्यात हजारी ९०० भाग सोने व उरलेले तांबे असते, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत २१.६ कॅरेट. बावीस कॅरेट म्हणजे ९१६, तेव्हा सराफांची घट रास्त आहे, मात्र ती फार थोडी असायला हवी. शुद्ध सोने ७.१६८ ग्रॅम भरते. वरचे सुमारे तीन दशांश ग्रॅम कडीचे व डागाचे आहेत. त्या दिवशीचा चोवीस कॅरेटचा एका ग्रॅमचा भाव ७.१६८ ने गुणला की नाण्याची किमान किंमत आपल्या हातात येते, आणि कोणी अठरा कॅरेटच्या हिशेबाने मागितले तर सरळ उठून यावे.

संग्राहकाच्या दृष्टीने मात्र ही कडी नाण्याला भोवली आहे. वीस मार्कच्या कडेवर ‘गॉट मिट उन्स’, म्हणजे ‘देव आमच्या पाठीशी’, ही अक्षरे कोरलेली असतात, आणि डाग नेमका त्या अक्षरांवर बसतो. कडी काढून घेतली तरी डागाचा व्रण राहतो. तो कानशीने घासला तर वजनही जाते आणि अक्षरेही जातात. तेव्हा कडी काढण्याच्या फंदात पडू नका. लाखोंनी पाडलेल्या या प्रकाराच्या दागिना झालेल्या नाण्याला कोणताही जाणता संग्राहक सोन्याच्या किमतीपेक्षा फारसे अधिक देणार नाही. पैशाची निकड नसेल तर माळेतच राहू द्या.

प्रश्न : मी सहा वर्षांपासून स्टुटगार्टमध्ये नोकरीला आहे. वर्षाकाठी एखाद-दुसरे जर्मन सुवर्णनाणे घेणे मला परवडेल. परंतु दुकानात सगळी वीस मार्कची नाणी सारखीच वाटतात आणि विक्रेता म्हणतो, ‘कोणतेही घ्या, सोने तेवढेच.’ सुरुवात कोठून करावी? (एक वाचक, स्टुटगार्ट)

उत्तर : विक्रेत्याने आपल्याला गरुडाची बाजू दाखवलेली दिसते. नाणे उलटे करा. संग्रह दुसऱ्या बाजूला आहे.

जानेवारी १८७१ मध्ये व्हर्सायला जर्मन साम्राज्याची घोषणा झाली तेव्हा त्यात पंचवीस घटक होते : चार राज्ये, अनेक लहान-मोठी संस्थाने आणि हाम्बुर्ग, ब्रेमेन व ल्यूबेक ही तीन स्वतंत्र शहरे. ४ डिसेंबर १८७१ च्या कायद्याने साम्राज्याची सुवर्णनाणी ठरली, ९ जुलै १८७३ च्या नाणेकायद्याने सर्व जर्मनीला एकच मार्क मिळाला आणि १ जानेवारी १८७६ पासून तेच सर्वत्र अधिकृत चलन झाले. वजन एक, कस एक, मागचा गरुड एक. पण पुढच्या बाजूवर आपल्या राजाचा मुखवटा किंवा आपल्या शहराचे चिन्ह घालण्याचा मान प्रत्येक घटकाकडे राहिला. लिपे हे छोटे संस्थान सोडले तर बाकीच्या सर्वांनी तो सोन्याच्या नाण्यांत कधी ना कधी बजावून घेतला. आपल्याकडच्या नाणेसंग्राहकांना येथे देवास आणि धार या पवारांच्या संस्थानांची तांब्याची नाणी आठवतील. १८८७-८८ च्या सुमारास पाडलेल्या त्या नाण्यांवर एका बाजूला राणी व्हिक्टोरियाचा मुखवटा आहे आणि संस्थानाच्या वाट्याला दुसऱ्या बाजूला केवळ नाव आले आहे. जर्मन संस्थानिकांनी मुखवटा स्वतःकडे ठेवला आणि साम्राज्याला गरुडाची बाजू दिली. दोन्हीकडच्या करारांतला फरक तळहातावर मावणाऱ्या धातूत असा दिसतो, आणि मला विचाराल तर या नाण्यांचा संग्रह करण्याचे हेच मुख्य कारण आहे.

आता आपल्यापुरते. खिशातले जर्मनीत पाडलेले युरोचे एखादे नाणे काढून त्यावरचे लहान अक्षर पाहा. ‘एफ’ असेल तर ते आपल्याच गावचे आहे. स्टुटगार्टच्या टांकसाळीचे हे अक्षर १८७२ सालच्या सोन्याच्या नाण्यावरही तेच होते. बर्लिनचे ‘ए’, म्युनिकचे ‘डी’, कार्ल्सरुहचे ‘जी’ आणि हाम्बुर्गचे ‘जे’ हीही आजतागायत चालू आहेत. हॅनोव्हर, फ्रँकफुर्ट, डार्मस्टाट आणि सॅक्सनी यांची बंद झाली. माझी सूचना अशी, की पहिली दोन नाणी व्युर्टेम्बेर्गची, म्हणजे स्टुटगार्ट ज्याची राजधानी होती त्या राज्याची, घ्यावीत : राजा कार्ल याचे एक आणि त्याच्यानंतर १८९१ मध्ये गादीवर आलेल्या दुसऱ्या विल्हेल्मचे एक. हा दुसरा विल्हेल्म म्हणजे बर्लिनचा कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, नव्हे. नाव तेच, आकडाही तोच, माणूस निराळा. नवशिक्यांचा येथे हमखास गोंधळ होतो. नाण्यावरच्या अक्षरांत ‘व्युर्टेम्बेर्ग’ आहे की ‘प्रॉयसेन’, म्हणजे प्रशिया, एवढे वाचले की गोंधळ मिटतो.

त्यापुढचे पाऊल १८८८ चे असावे. त्या वर्षी जर्मनीने तीन सम्राट पाहिले. पहिला विल्हेल्म ९ मार्चला वारला. त्याचा मुलगा तिसरा फ्रीडरिश घशाच्या कर्करोगाने वाचा गमावलेल्या अवस्थेत गादीवर आला आणि ९९ दिवसांनी, १५ जूनला, वारला. मग नातू दुसरा विल्हेल्म आला. नव्व्याण्णव दिवसांच्या सम्राटाचे नाणे दुर्मीळ असेल असे कोणालाही वाटेल, आणि विक्रेते त्या समजुतीचा फायदाही घेतात. वस्तुतः फ्रीडरिशची वीस मार्कची नाणी पन्नास लाखांहून अधिक पाडली गेली आणि ती आजही सहज मिळतात. कथेसाठी जास्त पैसे मोजू नका. कथा नाण्याबरोबर फुकटच येते.

मला स्वतःला सर्वांत जास्त गुंतवून ठेवतात ती बव्हेरियाची नाणी. नॉयश्वानश्टाइनचा किल्ला बांधणारा राजा दुसरा लुडविश १८८६ च्या जूनमध्ये श्टार्नबेर्गच्या सरोवरात मृत सापडला. त्याच्यामागून त्याचा भाऊ ओटो राजा झाला खरा, पण त्याला आधीच वेड लागलेले असल्यामुळे तो फ्युर्स्टनरीडच्या वाड्यात बंदिस्त होता आणि कारभार त्यांचा चुलता लुइटपोल्ड पाहत असे. तरीही पाव शतक बव्हेरियाचे सोने ओटोच्याच मुखवट्याने पडत राहिले. दहा मार्कचे ओटोचे नाणे हातात घेऊन पाहा : नीट विंचरलेली दाढी, शांत नजर, आणि भोवती ‘बव्हेरियाचा राजा’ ही अक्षरे. राज्य म्हणजे काय असते, हे ते नाणे काही न बोलता सांगते.

गरुडही सर्वस्वी एक नाही. १८८९ पर्यंतचा गरुड लहान आहे आणि त्याच्या छातीवरची ढाल मोठी वाटते. १८९० पासूनचा गरुड पंख पसरून सगळी जागा व्यापतो. हाम्बुर्गच्या नाण्यांवर राजाच्या जागी तीन बुरुजांच्या किल्ल्याचे नगरचिन्ह आहे. ल्यूबेकने सोन्यात फक्त दहा मार्क पाडले, वीस कधीच नाही. पाच मार्कचे सोन्याचे नाणे केवळ १८७७ आणि १८७८ या दोन वर्षांचे आहे. १७ मिलिमीटरचा तो टिकलीएवढा तुकडा लोकांना आवडला नाही आणि १९०० साली तो चलनातून काढला गेला.

‘सर्व संस्थाने पूर्ण करीन’ असा संकल्प मात्र करू नका. रॉइस घराण्याच्या थोरल्या पातीचे १८७५ चे वीस मार्क १,५१० नग पाडले गेले आणि साक्स-कोबुर्ग-गोथाचे १८७२ चे अवघे १,००० नग. त्यांतले शिल्लक किती आणि त्यांची किंमत किती याचा अंदाज बांधायला लागलात की संग्रहाचा आनंद संपतो आणि काळजी सुरू होते. नाण्यांची ओळख पटवण्यासाठी जर्मन विक्रेते ‘येगर’ या नाणेसूचीतला क्रमांक वापरतात; प्रशियाच्या पहिल्या वीस मार्कचा क्रमांक २४३, तर कैसर गणवेशात असलेल्या १९१३ पासूनच्या नाण्याचा २५३. पावतीवर हा क्रमांक, साल आणि टांकसाळीचे अक्षर लिहून घेतल्याशिवाय दुकान सोडू नका.

प्रश्न : ऑनलाइन लिलावात पाच मार्कचे सोन्याचे नाणे ‘झेअर श्योन’ असे वर्णन करून बाजारभावापेक्षा कमी किमतीत ठेवले आहे. जर्मन शब्दाचा अर्थ ‘फार सुंदर’ असा मिळाला. घ्यावे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : अर्थ बरोबर आहे आणि तोच सापळा आहे. जर्मन नाणेव्यवहारात ‘झेअर श्योन’ ही मधली प्रत असते, म्हणजे चांगलेच वापरलेले पण सर्व तपशील ओळखू येणारे नाणे. त्याच्या वरची प्रत ‘फोर्त्स्यूग्लिश’, आणि वापर न झालेल्या, ठशाची मूळ चमक टिकून असलेल्या नाण्याला ‘श्टेम्पलग्लान्त्स’ म्हणतात.

वर्णनापेक्षा मोठी शंका किमतीची आहे. हलक्या धातूवर मुलामा दिलेले नाणे घरच्या घरी पकडता येते. शंभरांश ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्यावर आणा आणि नाणे बारीक दोऱ्याने पाण्यात असे सोडा, की ते तळाला वा कडेला टेकणार नाही. या मिश्रधातूची घनता १७.२ च्या आसपास असल्यामुळे ७.९६ ग्रॅमच्या वीस मार्कला काट्याने ०.४६ दाखवले पाहिजे, आणि १.९९ ग्रॅमच्या पाच मार्कला ०.११ ते ०.१२. तांब्यावर मुलामा असेल तर आकडा जवळपास दुप्पट येतो.

पण ही परीक्षा अर्धीच आहे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात लेबनॉनसारख्या ठिकाणी खऱ्या सोन्याची खोटी नाणी मोठ्या प्रमाणावर पाडली गेली, कारण संग्राहक सोन्याच्या कितीतरी पट देतात हे तिथल्या कारागिरांना ठाऊक होते. मी त्यात फसलो आहे. बारा वर्षांपूर्वी दक्षिण जर्मनीतल्या एका नाणेमेळाव्यात मी बव्हेरियाचे पाच मार्क घेतले. वजन काट्याला बरोबर, कस कसोटीला बरोबर, खोटा होता तो फक्त ठसा. घरी आल्यावर दहापट भिंगाखाली पाहिले तेव्हा गरुडाच्या छातीवरची पिसे मेणातून उठवल्यासारखी बुळबुळीत दिसली आणि मोकळ्या जागेत खसखशीएवढे फुगीर दाणे दिसले. खऱ्या ठशाने पडलेल्या नाण्याची अक्षरे पृष्ठभागातून काटकोनात उठलेली असतात. नकलेत ती उतरती, साबणासारखी असतात. विक्रेता पुढच्या मेळाव्याला आला नाही. ते नाणे मी टाकलेले नाही. नव्या माणसाला शिकवताना खऱ्याशेजारी ते ठेवतो.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे उत्तर : पाच मार्क, आणि त्याहून दुर्मीळ संस्थानांची नाणी, छायाचित्रावरून घेऊ नयेत. परत घेण्याची लेखी हमी देणाऱ्या जुन्या पेढीकडून घ्यावीत, किंवा मान्यवर परीक्षण संस्थेने तपासून बंद केलेली घ्यावीत.

प्रश्न : सोन्याचे नाणे काळपट-तांबूस दिसते. दागिन्यांप्रमाणे रिठ्याच्या पाण्यात धुतले तर चालेल का? (एक वाचिका, कोल्हापूर)

उत्तर : रिठा बिचारा निरपराध आहे, पण त्याच्याबरोबर येणारा ब्रश आणि नंतरचे खसाखसा पुसणे नाण्याला मारते. तांबूस छटा ही मळ नसून दहा टक्के तांब्याची देणगी आहे. याच रंगामुळे जर्मन लोक या नाण्यांना लाडाने ‘गोल्डफुक्स’, म्हणजे सोनेरी कोल्हे, म्हणत. धुवायचे झालेच तर ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवून मऊ कपड्यावर उलटे-पालटे टेकवून कोरडे करावे. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात ठेवू नये. त्यातून सुटणारा हिरवट चिकटा तांब्याला धरतो. वीस मार्कसाठी २२.५ आणि दहा मार्कसाठी १९.५ मिलिमीटरची कठीण प्लास्टिकची डबी मिळते, ती पुरेशी आहे.

प्रश्न : ही नाणी कोट्यवधींनी पाडली गेली असे वाचले. मग ती गेली कोठे? आणि १९१५ सालच्या नाण्याला इतका भाव का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आधी सोने आले कोठून ते पाहू. १८७०-७१ च्या युद्धात हरलेल्या फ्रान्सवर पाच अब्ज फ्रँकची खंडणी बसली आणि जर्मन सुवर्णचलनाला त्या पैशाचा मोठा हातभार लागला. त्यातूनच बारा कोटी मार्कची सोन्याची नाणी पुढच्या युद्धासाठी म्हणून बर्लिनजवळच्या श्पांडाउ किल्ल्यातल्या युलिउस बुरुजात ठेवली गेली. १,२०० पेट्या, प्रत्येकीत एक लाख मार्क. एका पेटीत वीस मार्कची पाच हजार नाणी धरली तर एका पेटीतले सोने जवळपास चाळीस किलो भरते. दोन माणसांना दमवणारे ओझे. चाळीस वर्षे हा खजिना व्याजाविना तसाच पडून होता, आणि अर्थशास्त्र शिकवणाऱ्यांना तो पैसा कसा ठेवू नये याचे उदाहरण म्हणून उपयोगी पडला.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये युद्ध सुरू होताच बुरुजातले सोने राइशबँकेकडे, म्हणजे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेकडे, गेले. ४ ऑगस्टच्या कायद्यांनी नोटेच्या बदल्यात सोने देण्याचे बँकेचे बंधन उठले. शाळा, चर्च, वर्तमानपत्रे यांच्यामार्फत लोकांना घरातले सोने बँकेत आणण्याचे आवाहन झाले, आणि दागिने देणाऱ्यांना लोखंडाचे पदक मिळाले. १९१६ च्या त्या पदकावरचा मजकूर असा : ‘रक्षणासाठी सोने दिले, मानासाठी लोखंड घेतले.’ पुढे काय झाले ते जगाला माहीत आहे. नोव्हेंबर १९२३ मध्ये एक सुवर्णमार्क म्हणजे एक लाख कोटी कागदी मार्क असा हिशेब ठरला. ज्या आजीबाईने १९१४ मध्ये वीस मार्कचे नाणे बँकेत न देता गादीत शिवून ठेवले, तिच्याकडे त्या दिवशी वीस लाख कोटी मार्क होते. देशप्रेमाने ते जमा करून नोटा घेणाऱ्या शेजारणीकडे रद्दी होती. आज बाजारात येणारी नाणी ही बऱ्याच अंशी अशा न दिलेल्या सोन्याची, किंवा युद्धापूर्वीच परदेशी बँकांत पोहोचलेल्या सोन्याची वंशज आहेत. १९३८ मध्ये ती औपचारिकपणेही चलनातून बाद झाली.

१९१५ चे उत्तर यातच आहे. बर्लिनच्या टांकसाळीने त्या वर्षी गणवेशातल्या कैसरची नाणी पाडली, पण सोने लोकांकडून गोळा करण्याच्या काळात ती बाहेर सोडण्यात काहीच अर्थ नव्हता, बहुतेक वितळली. बव्हेरियाच्या तिसऱ्या लुडविशच्या १९१४ च्या वीस मार्कचीही गत फारशी निराळी नाही. १९१३ किंवा १९१४ चे कैसरचे नाणे मात्र सोन्याच्या भावाच्या थोडे वर मिळते, आणि एका आकड्याचा हा फरक असल्यामुळे १९१३ मधला शेवटचा ‘३’ कोरून ‘५’ करण्याचा मोह कोणाला होत असेल हे वेगळे सांगायला नको.

प्रश्न : १८७१ पूर्वी जर्मनीत सोन्याची नाणी होती का? (जर्मन भाषेच्या एक निवृत्त शिक्षिका, पुणे)

उत्तर : होती, आणि ती पुढच्या नाण्यांपेक्षा सुंदर होती. चौदाव्या शतकाच्या अखेरीस ऱ्हाइनकाठच्या चार इलेक्टरांनी (सम्राट निवडण्याचा हक्क असलेल्या सत्ताधीशांनी), म्हणजे कोलोन, माइन्त्स आणि ट्रिअर येथील आर्चबिशप आणि पॅलेटिनेटचा काउंट यांनी, समान वजनाचा सोन्याचा गुल्डेन पाडण्याचा करार केला. १५५९ च्या साम्राज्याच्या नाणेवटहुकुमाने डुकॅटला मान्यता दिली : सुमारे ३.४९ ग्रॅम, हजारी ९८६ कस, जवळजवळ निर्भेळ सोने. डुकॅटचे मूळ व्हेनिसचे. त्याच व्हेनिसच्या नाण्याच्या नकला आपल्याकडे पुतळी म्हणून माळेत ओवल्या गेल्या, आणि झेंडा धरून उभे असलेले संत व डोज (व्हेनिसचा प्रमुख) हे आपल्या सोनारांच्या हाती येता येता राम-सीता झाले. पहिल्या प्रश्नातल्या वाचिकेच्या डब्यात पुतळ्या आणि मार्क शेजारी होते, ती म्हणजे एका अर्थी भावकीच.

जर्मन डुकॅटांत सर्वांत हवेहवेसे ते नदीच्या वाळूतून धुऊन काढलेल्या सोन्याचे. बव्हेरियाने डॅन्यूब, इन आणि इसार यांच्या सोन्याचे डुकॅट पाडले व त्यांवर लॅटिनमध्ये ‘डॅन्यूबच्या सोन्यातून’ अशी ओळ घातली. पॅलेटिनेटच्या डुकॅटवरची ओळ आहे ‘ऱ्हाइनचे काठ असे झळकतात’. हे खरे मिळणे कठीण आणि खोटे मिळणे सोपे.

प्रशियाचा फ्रीडरिश दोर, सॅक्सनीचा ऑगस्ट दोर ही अठराव्या शतकातली पाच थालरची नाणी; थालर हे तेव्हाचे चांदीचे नाणे. १८५७ च्या व्हिएन्ना करारातून आलेला फेराइन्सक्रोने नेमके दहा ग्रॅम शुद्ध सोने असलेला होता, पण त्याचा थालरशी भाव बांधलेला नसल्यामुळे तो रोज बदलत असे आणि सामान्य माणसाने तो कधी आपला मानला नाही. हाम्बुर्ग शहर १८७२ पर्यंत डुकॅट पाडत राहिले. नव्या संग्राहकाने या काळाकडे वळण्याआधी चार-दोन वर्षे मार्कवर डोळा तयार करावा, असे मी म्हणेन.

प्रश्न : जर्मनीत घेतलेली नाणी भारतात आणताना काय काळजी घ्यावी? (तीन वाचकांचा एकत्रित प्रश्न)

उत्तर : जर्मनीत १८०० नंतर पाडलेले, किमान ९०० कसाचे, कधीतरी वैध चलन असलेले आणि सोन्याच्या किमतीच्या १८० टक्क्यांपेक्षा जास्त भावाने सहसा न विकले जाणारे नाणे ‘गुंतवणुकीचे सोने’ धरले जाते, आणि त्यावर मूल्यवर्धित कर नसतो. सामान्य वीस मार्क या व्याख्येत बसतात. २०२० पासून दोन हजार युरोच्या खालचीच रोख खरेदी ओळखपत्राविना होते. खाजगी व्यक्तीने वर्षभर स्वतःकडे ठेवून विकल्यास तिथे नफ्यावर प्राप्तिकर नाही.

भारतात येताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. परदेशी राहून आलेल्यांना मिळणारी सोन्याची सवलत दागिन्यांना आहे, नाण्यांना नाही. नाणी लाल मार्गिकेत जाहीर करावीत आणि पावती बरोबर ठेवावी. दुसरी गोष्ट बहुतेकांना माहीत नसते : १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे पुरातन वस्तू ठरू शकते आणि मग ते देशाबाहेर नेता येत नाही. स्टुटगार्टहून हौसेने गावी दाखवायला आणलेले १८७३ चे नाणे परत नेताना विमानतळावर अडचण येऊ शकते. दाखवायचे असेल तर छायाचित्र आणा.

प्रश्न : आमचे चुलत आजोबा दार-ए-सलामला एका गुजराती पेढीवर कारकून होते. त्यांच्या पेटीत हत्तीचे चित्र असलेले १९१६ चे एक नाणे आहे. त्यावर ‘१५ रुपिएन’ असे आहे. वजन ७.१ ग्रॅम भरते. सोनार म्हणाला, अठराच कॅरेट आहे. जर्मन नाण्यावर रुपया कसा? ते खोटे आहे का? (एक वाचक, कल्याण)

उत्तर : अठरा कॅरेट ऐकून निराश होऊ नका, ते शुभचिन्ह आहे.

पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा व्यापार मुंबई-गुजरातकडच्या व्यापाऱ्यांच्या हातात होता आणि तिथे आधीपासून भारतीय रुपयाच चाले. म्हणून जर्मनांनी वसाहतीसाठी मार्क न आणता स्वतःचा रुपया पाडला. आरंभी त्याचे ६४ पेसा होते, १९०४ पासून १०० हेलर. पंधरा रुपये म्हणजे वीस मार्क हा भाव ठरलेला होता. आपल्याकडेही तेव्हा गिनीला पंधराच रुपये पडत, आणि १९१८ मध्ये मुंबईच्या टांकसाळीने पंधरा रुपयांची सोन्याची मोहोर पाडली ती त्याच हिशेबाने.

महायुद्धात ब्रिटिश नौदलाने वसाहतीची कोंडी केली, नाणी संपली. तेव्हा ताबोरा येथील रेल्वेच्या कारखान्यात, सेकेंके खाणीतल्या सोन्यातून, ही नाणी पाडली गेली. ठसे कोरण्याचे काम एका सिंहली सोनाराकडून करून घेतल्याची नोंद आहे. सगळी मिळून साधारण सोळा हजार. एका बाजूला सोंड उंचावलेला हत्ती व मागे डोंगर, दुसऱ्या बाजूला जर्मन गरुड, आणि ताबोराचे ‘टी’. त्याच वर्षीच्या १९ सप्टेंबरला बेल्जियन फौजांनी ताबोरा घेतले आणि टांकसाळीचा खेळ आटोपला.

कस हजारी ७५०, वजन ७.१६८ ग्रॅम. गंमत अशी, की वीस मार्कमधल्या शुद्ध सोन्याचे वजन नेमके एवढेच आहे. म्हणजे किंमत वीस मार्कची सांगून आत सोने पंधरा मार्कचे घातले होते. आपल्या नाण्याचे वजन व कस दोन्ही जुळतात. तरीही नकला अनेक आहेत, आणि नक्कल करणारा पुष्कळदा कस जास्तच ठेवतो.

हे नाणे सराफाकडे वजनावर देऊ नका. संग्राहक सोन्याच्या किमतीच्या अनेक पट देतात. शंभरी उलटलेली असल्यामुळे ते बाहेर पाठवायला कायदा आडवा येईल, तेव्हा मुंबईतल्या नाण्यांच्या लिलावगृहाकडे प्रत्यक्ष घेऊन जा. जाण्यापूर्वी दोन्ही बाजूंची छायाचित्रे आणि काट्यावरचे वजन यांची नोंद करून ठेवा, आणि चुलत आजोबांचा एखादा पासपोर्ट, पत्र किंवा पेढीची पावती घरात असेल तर तीही शोधा. नाणे आफ्रिकेतून आले याचा तो पुरावा किमतीत धरला जातो.